मेलेल्यांच्या नावचं जेवण

पोयखाजनच्या भाटकारणीला लग्नासाठी सगळं मिळालं, फक्त भिकारी मिळेनात.

वाजंत्री ठरली होती, डुकरं पोसून तयार होती, मडगावचा शिंपी घरी येऊन मापं घेऊन गेला होता. गावची बरीचशी जमीन जिच्या मालकीची, त्या भाटकारणीचा, दोना एर्मेलिंदचा, मुलगा क्लेतो पस्तिशीला टेकला होता. त्याचं लग्न एकदाचं जमलं म्हणून थोरलं घर आतून-बाहेरून चुन्याने पांढरं झालं होतं. पण लग्नाच्या आधी घरच्या मेलेल्यांच्या नावाने गावच्या गरिबांना जेवू घालायचं, हा तिकडचा जुना रिवाज. त्याला भिकाऱ्यांचं जेवण म्हणत. एकेका मेलेल्याच्या जागी एकेक गरीब बसायचा. सासऱ्याच्या जागी म्हातारा, सासूच्या जागी म्हातारी, पोर गेलं असेल तर पोर. मेलेल्याला जे आवडायचं ते त्या पानात पडायचं. जेवणारा पोटभर जेवून त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणायचा आणि मगच घरात लग्नाचे नारळ फुटायचे.

घरचा जुना गडी इनास सांगावा घेऊन मिठागरवाड्यावर गेला आणि गेला तसाच परत आला.

"कोणी येत नाही, बाय," तो म्हणाला.

"म्हणजे? त्या दिवशी दुसरीकडे कुठे जेवण आहे?"

"जेवण कुठेच नाही. ते म्हणतात, इथे भिकारी राहत नाहीत. तू वाडा चुकलास."

"कोण म्हणतं असं?"

"सांतान. म्हणाली, भिकारी हवे असतील तर मडगावच्या स्टेशनवर रांगेने बसलेत, बस करून घेऊन या. तिकिटं मात्र तुझ्या बायला काढावी लागतील."

हे सांगताना इनासने मिशीवर हात ठेवला होता. त्याची बहीण त्याच वाड्यावर दिली होती आणि हसू त्याला आवरत नव्हतं.

दोना एर्मेलिंद हसली नाही. स्टेशनवरचे उपरे तिच्या माणसांना काय ओळखणार होते? ज्यांनी नावसुद्धा ऐकलेलं नाही त्यांनी त्या नावाने घास कसा घ्यायचा? सासू-सासऱ्यांची तिला तेवढी काळजी नव्हती. नणंदेच्या लग्नात दोघांच्याही नावाने माणसं जेवून गेली होती. गेलेल्या नवऱ्याचंही तिने मनाला समजावलं असतं. पण लिदविनचं काय?

लिदविन म्हणजे क्लेतोच्या पाठची. नऊ वर्षांची असताना एका दुपारी मानशीपाशी बुडाली. खाडीचं पाणी शेतात आत-बाहेर सोडायला बांधात जो लाकडी दरवाजा असतो, त्याला तिकडे मानस म्हणतात. त्यानंतर त्या घरात लग्नच झालं नाही, म्हणून तिच्या नावाने कोणी जेवलंही नाही. आणि क्लेतोनंतर लग्न व्हायला घरात कोणी उरत नव्हतं. लिदविनला जेवू घालायची ही एकच वेळ होती. ती गेली की गेली.

"हे सगळं त्या पाद्रीचं काम," असं म्हणत तिने छत्री उचलली आणि ती इगर्जीकडे, गावच्या चर्चकडे, निघाली.

तिचं चुकत नव्हतं. काम पाद्रीचंच होतं.

पाद्री लिबोर पोयखाजनला आले तेव्हा पोर्तुगीज जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पूर्ण नाव लिबोरियो. गावाने पहिल्याच आठवड्यात त्याचं शेपूट कापलं. अंगाने किरकोळ, झग्याला दोन वेगवेगळ्या काळ्या रंगांची ठिगळं, आणि गळा असा की गोव्यासारख्या मुलखात, जिथे पाद्री म्हटला की सूर आलाच, तिथे हे गायला लागले की वाद्यं वाजवणारे मेस्त्री एकमेकांकडे बघत. सणाच्या दिवशी लोक त्यांची प्रार्थना दाढदुखी सोसावी तशी सोसत. पण त्याबद्दल कोणी तोंडावर बोललं नाही, कारण तोवर त्यांनी कणगी उभ्या केल्या होत्या.

मिठागरवाड्याला काम असायचं ते मीठ पिकेपर्यंत. पावसाने आगरं बुडाली की चुली थंडावायच्या आणि बायका थोरल्या घरांच्या मागच्या दारांशी जाऊन उभ्या राहायच्या. पाद्री लिबोरांनी पहिला पावसाळा हे नुसतं पाहिलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी आपल्या राहत्या घराची बैठक रिकामी केली, आधीच्या पाद्रींच्या नक्षीदार खुर्च्या माळ्यावर चढवल्या आणि तिथे बांबूच्या मोठमोठ्या कणगी ठेवल्या. मिठाच्या दिवसांत प्रत्येक घराने जमेल तेवढं भात त्यात आणून ओतायचं, पावसात लागेल तेवढं न्यायचं. कोणी किती घातलं, कोणी किती नेलं, हे कोणी लिहायचं नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांनी घातलं त्याहून जास्त नेलं. पाद्री लिबोर दोन्ही वेळा पेज पिऊन राहिले आणि काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी लाज वाटून लोकांनी जास्त घातलं. मग ते आपोआप चालू राहिलं.

याचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो त्यांच्या स्वयंपाकीणबाईला, पियेदादला. भाताबरोबर उंदीर आले.

"पाद्रीबाब, काल एक उंदीर माझ्या उशाशी बसून जपमाळ म्हणत होता," ती सकाळी सांगायची.

"मग तू उत्तर द्यायचंस ना, पियेदाद. त्याने एकट्याने किती म्हणायची?"

ती भांडी आपटायची आणि दुपारी कणगीभोवती नवे सापळे लावायची.

असा वाडा पावसाळ्यात जेवू लागला, आणि मग पाद्री लिबोरांनी घरोघर जाऊन सांगायला सुरुवात केली की पोरांना भिकाऱ्यांच्या जेवणाला पाठवू नका. प्रवचनात नाही सांगितलं. ओट्यावर बसून, दिलेलं पाणी पिऊन, एकेका घराला सांगितलं. आधी पोरं जायची थांबली. मग म्हातारेही म्हणू लागले, आमच्या चुलीवर भात असताना दुसऱ्याच्या अंगणात भुईवर कशाला बसायचं?

दोना एर्मेलिंद आली तेव्हा पाद्री लिबोर मागच्या पडवीत चपलेचा पट्टा शिवत होते. घरातली एकुलती एक खुर्ची पियेदादने पदराने पुसून पुढे केली.

"तुम्ही माझे भिकारी पळवलेत, पाद्री."

"पळवले नाहीत, दोना. आपापल्या घरी आहेत. जेवून बसलेत."

"थट्टा नको."

"थट्टा करत नाही."

"क्लेतोचं लग्न तोंडावर आलंय. तुम्ही एक शब्द टाकलात तर वाडा येईल. तुमचं ऐकतात ते."

पाद्री लिबोरांनी सुई चपलेत तशीच अडकवून ठेवली. "मेलेल्यांना भात लागत नाही. मिस्सा लागते. लिदविनच्या नावाने मी उद्याच वेदीपुढे म्हणतो."

"मिस्सा झाल्यात. दर वर्षी होतात. तुमच्या आधीच्या पाद्रींनी तर सुरात म्हटल्या."

दाराआड पियेदाद खोकली.

"मिस्सा देवाच्या हातात," दोना म्हणाली. "मला तिला जेवू घालायचंय. आई आहे मी तिची."

"तिचा फ्रॉक घालून दुसऱ्याचं पोर तिच्या पानावर बसवायचं? ते मी कोणाला सांगणार नाही."

दोनाने छत्रीचं टोक फरशीवर टेकलं. "माझी मावशी तुमच्याकडे साश्टीत दिली होती. तुम्ही कुठून वर आलात ते मला ठाऊक आहे. एका मेलेल्या मुलाच्या पानावर जेवलात, म्हणून आज अंगावर हा झगा आहे. आणि तुम्ही दुसऱ्यांच्या पोरांना ते पान बंद करता?"

खरं होतं ते. पाद्री लिबोरांची आई विधवा, लोकांच्या स्वयंपाकघरांत नारळ खवून पोट भरणारी. लिबोर सहा-सात वर्षांचा असताना ती त्याला एका मोठ्या घरी भिकाऱ्यांच्या जेवणाला घेऊन गेली. त्याला बटणं असलेला सदरा घातला, गेलेल्या मुलाचा. तो मान वर न करता जेवत राहिला, कारण इतकं मटण त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्या घरच्या बाईने त्याला छातीशी धरून दुसऱ्याच नावाने हाक मारली. आई दाराशी उभी होती. तिने हसून मान हलवली, जणू म्हणत होती, ओ दे. त्याने ओ दिली. त्या एका ओच्या बदल्यात पुढे त्याचं पाद्री होण्याचं, सेमिनरीचं शिक्षण झालं. सुट्टीत तो त्या घरी जाई आणि ती बाई त्याला त्याच दुसऱ्या नावाने बोलावी. आई मेली तेव्हाही तो त्या घरीच होता.

"म्हणूनच बंद करतो," पाद्री लिबोर म्हणाले.

दोना उठली नाही. तिने छत्री मांडीवर आडवी घेतली. मग निराळ्याच आवाजात बोलली. "तिच्यासाठी दोदोल करणार होते. गोडाची भारी आवड तिला. तिच्याबद्दल मला इतकंच ठाऊक आहे, पाद्री. त्या दुपारी घर निजलेलं असताना ती उन्हातून मानशीकडे कशाला गेली, ते मला ठाऊक नाही. खेळायला अंगण होतं. झोपाळा होता. मी रागावले नव्हते. आठवून आठवून पाहिलं, त्या दिवशी मी तिला काही बोलले नव्हते. मग ती कुठे निघाली होती?"

पाद्री लिबोरांनी खाली बघून चपलेतली सुई ओढून काढली. दोनाला वाटलं, अजून हट्टालाच धरून आहेत. ती छत्री न उघडताच उन्हात निघून गेली.

लिदविन कुठे निघाली होती ते पाद्री लिबोरांना ठाऊक होतं. आल्याच्या पुढच्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, सांतान कबुलीजबाबाला आली होती आणि लाकडी जाळीपलीकडून तिने ते सांगितलं होतं. जाळीतून आलेला शब्द पाद्रीच्या कानातून बाहेर पडत नाही. तो मुलीच्या आईला सांगता येत नाही. ज्याने सांगितला त्याच्यापाशीही, त्याने आपण होऊन विषय काढल्याशिवाय, काढता येत नाही. नुसत्या नजरेनेसुद्धा सुचवता येत नाही. इतकी वर्षं दर रविवारी दोना एर्मेलिंद पुढच्या बाकावर आणि सांतान अगदी मागे, दाराशी. आणि दोघींच्या मधलं ते एक वाक्य पाद्री लिबोर गळ्यात अडकलेल्या काट्यासारखं वागवत होते. हे आज लिहिता येतं, कारण सांतानने पुढे स्वतःच्या तोंडाने सगळ्या गावाला सांगितलं. पाद्री लिबोरांनी मरेपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी ते मिठागरावर गेले. नवीन मिठासाठी आगरांचे तळ तुडवून घट्ट करण्याचं काम चाललं होतं. सांतान कासोटा वर खोचून गुडघाभर चिखलात उभी होती. हाडापेराने मोठी, आवाजाने त्याहून मोठी.

"आलात?" ती म्हणाली. "इनासच्या मागोमाग पाद्रीबाब येणार, हे मी कालच ह्या सगळ्यांना सांगितलं होतं."

"मी सांगावा घेऊन नाही आलो."

"मग काय चिखल तुडवायला आलात? तुडवा. त्या कोपऱ्यात तुडवा, तिथे बिघडण्यासारखं काही नाही."

माणसं हसली. पाद्री लिबोरांनी चपला बांधावर काढल्या, झगा कमरेला बांधला आणि खरंच त्या कोपऱ्यात तुडवायला लागले.

"दोना एर्मेलिंद आली होती," काही वेळाने ते म्हणाले. "मी नाही म्हणून सांगितलं."

"झालं तर मग. मिटलं."

"मिटलं."

पण ते गेले नाहीत. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून पायांकडे बघत तुडवत राहिले. सांतानही तुडवत होती, पण तिचे पाय हळूहळू मंदावले.

"रडत होती?" तिने विचारलं.

"ती रडणाऱ्यांतली नाही."

"ते मला ठाऊक आहे. पोरीला मातीत ठेवली तेव्हाही रडली नव्हती. नुसती उभी होती, मीठ साचल्यासारखी." सांतानने कपाळावरचा घाम कोपराने पुसला. "जेवण कोणाकोणाच्या नावाचं?"

"सासरा, सासू, नवरा." पाद्री लिबोर थांबले. "आणि मुलगी."

सांतान पुढच्या वाफ्यात गेली, तिथून परत आली. आली ती भांडायच्याच तयारीने.

"एक सांगा, पाद्रीबाब. आमचे मेलेले काय उपाशीच राहायचे? माझी आय भाटकारणीच्या सासूसाठी जेवली, सासूच्या सासूसाठी जेवली. जन्मभर दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी तोंड हलवलं तिने. ती मेली, तिच्यासाठी कोण जेवलं?"

"कोणी नाही."

"मग सांगा भाटकारणीला. आधी तिने माझ्या घरी यायचं आणि माझ्या आयसाठी जेवायचं. भुईवर. अपमान म्हणून नाही, माझ्याकडे टेबलच नाही म्हणून. ती जेवली की अख्खा वाडा तिच्या माणसांसाठी जेवायला जाईल, त्याचं मी बघते."

"ती कसली येते!" पलीकडच्या वाफ्यातून कोणीतरी म्हणालं. "अगो, ती इगर्जीतसुद्धा उशी असल्याशिवाय गुडघे टेकत नाही."

"नाही आली तर नाही आली. उशी आणली तर उशीसुद्धा ठेवून घेईन मी."

हसणं ओसरल्यावर पाद्री लिबोरांनी विचारलं, "एवढंच सांगू?"

याहून जास्त त्यांना विचारता येत नव्हतं. हेसुद्धा विचारायला हवं होतं का, याची त्यांना शंकाच वाटली.

सांतानने पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "एवढंच सांगा. बाकीचं ती आली की मी बोलेन."

सांतानची अट ऐकून दोना एर्मेलिंदच्या हातातलं भरतकाम मांडीवर पडलं.

"मी? सांतानच्या घरी? भुईवर?"

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, भाटकारीण सांतानकडे जेवली."

"तुमचा काय विचार? जाऊ?"

तिने त्यांचं मत विचारायची ही पहिलीच वेळ. जा, असं पाद्री लिबोरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण जाळीपलीकडचं ऐकून जाळीअलीकडच्या माणसाला ढकलायचं नसतं. त्यांनी निरोप आणला होता, बस.

"मी काही म्हणत नाही, दोना."

"नेहमी तर पुष्कळ म्हणता," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा काही ओवला जात नव्हता.

घरी येऊन ते पेजेच्या वाडग्यासमोर नुसते बसले. पियेदाद म्हणाली, "आता काय उंदरांसाठीही उपास धरलात? त्यांचं मी बघते, तुम्ही जेवा." त्यांनी दोन घोट घेतले आणि उठून इगर्जीत गेले. दोना नाही म्हणाली तर ते वाक्य सांतानच्या गळ्यात आणि त्यांच्या गळ्यात तसंच राहणार होतं, आणि लिदविन उपाशी. त्यांना त्या दिवशी प्रार्थनेचे शब्द सापडले नाहीत. ते पुढच्या बाकावर, दोनाच्या जागेशेजारी, बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गाव निजायच्या वेळेला, इनास बोलवायला आला. बांधाच्या तोंडाशी दोना एर्मेलिंद उभी होती, साध्या काळ्या कपड्यांत, कानात काही नाही.

"तुम्ही बरोबर चला," ती म्हणाली. "दारापर्यंत."

बांधावरून दोघं मागेपुढे चालली. मानशीपाशी आल्यावर ती दुसऱ्या बाजूला, शेताकडे, बघत पुढे गेली.

सांतानने घर सारवून ठेवलं होतं. दोघांना बांधावरून येताना पाहूनच वाड्यातल्या बायका दारादारांतून आत सरकल्या. सांतानने चटई दाखवली. दोना वाकली, थांबली, गुडघा धरला. सांतानने काही न बोलता तिच्या कोपराला हात दिला आणि तिला बसवलं.

मातीच्या वाडग्यात पेज, पानावर भाजलेला खारा बांगडा, बाजूला खारातल्या आंब्याची फोड.

"माझ्या आयला हेच आवडायचं," सांतान म्हणाली. "दुसरं मिळालं असतं तर तेही आवडलं असतं."

"नाव काय आयचं?" दोनाने विचारलं. इतकी वर्षं ती बाई तिच्या अंगणात भात कांडून गेली होती आणि दोनाने तिला सांतानची आय म्हणूनच ओळखलं होतं.

"एस्प्रांस."

"एस्प्रांससाठी," दोना म्हणाली, तिने क्रूसाची खूण केली आणि पेजेचा घोट घेतला.

पाद्री लिबोर उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले होते. सांतानने त्यांच्यापुढेही वाडगा ठेवला. "तुम्ही कोणासाठी जेवणार? का नुसतेच?"

त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला. "आईसाठी. ब्रिजीद नाव होतं."

"मग नीट जेवा. आया लोकांना टाकलेलं चालत नाही."

दोना जेवत होती. बांगड्याचं मांस काट्यापासून हलकेच सोडवत होती, डोकं तिने पानाच्या कडेला सारून ठेवलं होतं. सांतान समोर उकिडवी बसून ते बघत होती. बघता बघता तिचा तो मोठा आवाज कुठेतरी गेला.

"बाय, तुम्ही बसलात ना, तिथेच ती बसायची."

"कोण?"

"लिदविन."

दोनाचा हात वाडग्यातच राहिला.

"दुपारी तुम्ही निजलात की बांधावरून यायची. रोज नाही. माझ्या रोझालच्या वयाची होती. दोघी मिळून पेज प्यायच्या. त्या दिवशीसुद्धा इथेच येत होती. आम्ही वाट बघत होतो. तिची पेज झाकून ठेवली होती मी." सांतानने पदराचा शेव मुठीत धरला. "कोणाला सांगितलं नाही. जमीन तुमची, हे घर तुमच्या जमिनीवर. म्हटलं, तुम्ही म्हणाल आम्हीच पोरीला नादी लावलं. मग जितके दिवस गेले तितकं ते जड झालं. आता आम्हाला जमिनीवर ठेवायचं असेल तर ठेवा, काढायचं असेल तर काढा."

पायरीवर पाद्री लिबोरांनी डोळे मिटले. दोना उठली असती तर तिने मागे वळून बघितलं नसतं, हे सांतानला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

दोनाने बोटं वाडग्याच्या काठावर निपटली.

"काय खायची?"

"हेच. पेज. बांगडा भाजलेला. डोकं तर चोखून चोखून खायची. घरी डोकं खाऊ देत नाहीत म्हणायची."

"नव्हते देत," दोना म्हणाली. मग म्हणाली, "आणि दोदोल?"

सांतान जरा घुटमळली. "दोदोल नाताळात आणून रोझालला द्यायची. स्वतः नाही खायची. दाताला चिकटतो म्हणायची."

दोनाच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की दुसरं काही, ते सांतानलाही पुढे कधी नीट सांगता आलं नाही. मग तिने पानाच्या कडेचं बांगड्याचं डोकं उचललं आणि तोंडात घातलं. तिला ते खाता येत नव्हतं. काटे लागत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती थांबत नव्हती. सांतानने तिच्या वाडग्यात आणखी पेज ओतली.

परतताना ऊन कलायला लागलं होतं. मानशीपाशी दोना थांबली. भरती होती, दरवाजाच्या फटींतून पाणी आत झिरपत होतं. या खेपेला ती तिकडेच बघत राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

पाद्री लिबोर पाण्याकडे बघत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

दोना एर्मेलिंदचं लहानपण नन्सच्या शाळेत गेलं होतं. पाद्रीच्या कोणत्या गप्प बसण्याचा काय अर्थ असतो ते तिला कोणी शिकवायला नको होतं. तिने त्यांच्या ठिगळांच्या झग्याकडे, चिखलाने अजून पांढुरक्या दिसणाऱ्या पायांकडे एकदा नीट पाहिलं.

"नका सांगू," ती म्हणाली.

पुढे बांध रुंद होत होता. तिथे दोघं शेजारी शेजारी चालू लागली.

"भुईवर पानं मांडायची नाहीत," काही अंतर गेल्यावर दोना म्हणाली. "बाकं लागतील. आमच्याकडे तेवढी नाहीत."

"इगर्जीतली न्या. पुढची दोन ठेवा, म्हातारे मिस्सेला येतात. बाकीची न्या."

"आणि लिदविनच्या जागेवर पोर बसवणार नाही मी. पण तिला ओळखणारं मग कोण बसेल?"

"ते सांतानला विचारा, दोना."

"विचारते," दोना एर्मेलिंद म्हणाली, आणि घराकडे वळायच्या जागी उभी राहून, आता लगेच परत जावं की उद्या सकाळी, याचा विचार करू लागली.